काचेच्या झाकणाखालचं घड्याळ

सांगतोय ते सगळं खरं आहे. तिखटमीठ मी आयुष्यभर भरपूर लावलं, पण या गोष्टीत ते लावायला जागाच नाही. विश्वास ठेवायचा नसेल तर ठेवू नका. माझाही ठेवायचा विचार नव्हता.

रात्र असायला हवी होती, पण नव्हती. भर दुपार होती. दिवे गेले नव्हते. कुत्रं रडत नव्हतं. मी, माझी थोरली बहीण आणि एक घड्याळजी, असे तिघं जिन्याखालच्या अरुंद दुकानात बसलो होतो. घड्याळजीच्या डोळ्याला कायम भिंग असायचं, म्हणून सगळे त्याला भिंगोजी म्हणायचे.

ताई मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली. तिचा विश्वास फक्त स्वतःवर, तोही खात्री करून घेतल्यावर. अशी बाई एकदा फसली. 'जुनं, सोन्याचं, अस्सल' म्हणून एक लेडीज घड्याळ घेतलं आणि थोड्याच दिवसांत मनगट हिरवं पडलं. तेव्हापासून घरात चार माणसं जमली की कुणीतरी विचारणारच...

"ताई, किती हिरवे वाजले?"

ताई हसायची. पण मी तिचा भाऊ. ते हसू मला कळायचं.

तिला एकदा, फक्त एकदा, खरोखरचं अस्सल घड्याळ बांधून त्या सगळ्यांसमोर बसायचं होतं.

त्या दुपारी एक काका तसं घड्याळ घेऊन आले. अंगाने वाळलेले, शर्टाला कडक इस्त्री.

"बायकोचं आहे," ते म्हणाले. "ती गेल्यापासून कुणी हात लावला नाही. कपाटातच होतं."

मग त्यांनी किंमत सांगितली. ताईने माझ्याकडे पाहिलं. दुकानदाराने न मागता सूट दिली की ती असंच बघते.

"एवढं स्वस्त का?"

"मला ठेवायचं नाही."

"संध्याकाळपर्यंत तपासून घेतो. चालेल?" भिंगोजीने विचारलं.

"तपासा. फक्त..." काका दारात थांबले. "एकटं सोडू नका."

ते गेल्यावर ताई माझ्या कानात म्हणाली, "चोरीचं आहे."

भिंगोजीने घड्याळ हातात घेतलं. तबकडी अंगठ्याच्या नखाएवढी. चामड्याचा बारीक पट्टा.

"तबकडी मूळची आहे. पुन्हा रंगवलेली नाही. अक्षरांच्या कडा बघा, किती रेखीव."

"आणि काटे?"

"मूळचे."

"कशावरून?"

"तबकडीइतकेच जुने पडलेत. नवे असते तर लग्नात आगंतुक दिसतो तसे दिसले असते."

"चावीचं बटण?"

"त्यावर कंपनीचा शिक्का आहे." त्याने मागचं झाकण उघडलं. "इथे सोन्याची खूण. मशीनही त्याच काळातलं. बाई, नखशिखांत अस्सल आहे. त्यातून एकाच बाईच्या हातातलं असेल, तर ही किंमत म्हणजे फुकट."

ताई हिरमुसली. दोष सापडला नाही की तिला फार वाईट वाटतं.

तेवढ्यात भिंगोजी थबकला...

"गरम आहे."

"काय?"

"झाकण. मनगटावरून आत्ताच काढल्यासारखं..."

"तुमच्याच हाताची ऊब असेल."

भिंगोजीने हात पुढे केला. मी धरून पाहिला. नळाच्या पाण्यासारखा गार.

त्याने घड्याळ कानाला लावलं. चालू होतं. चावीचं बटण फिरवून पाहिलं. फिरेना.

"चावी पूर्ण भरलेली आहे," तो म्हणाला. "हे घड्याळ रोज चावी दिली तरच चालतं."

कपाटात पडलेलं घड्याळ. कुणी हात न लावलेलं.

ताईचे डोळे चमकले. "आलं लक्षात! बायको जिवंत आहे. तिने सकाळी चावी दिली, आंघोळीला गेली, आणि हा बाबा घड्याळ उचलून इकडे आला."

मला पटलं. पटावं अशी फार इच्छाही होती.

मशीन आतून तपासायचं म्हणून भिंगोजीने चावी पूर्ण उतरवली. टिकटिक थांबली. तेवढ्यात पुढे कुणी गिऱ्हाईक आलं. धूळ बसू नये म्हणून घड्याळजी लोक वाटीसारखं काचेचं झाकण वापरतात. ते घड्याळावर पालथं घालून तो पुढे गेला.

मी पाय मोकळे करायला उठलो.

"बस खाली," ताई म्हणाली. "हे लोक आतले भाग बदलतात. नजर हलवू नकोस."

बंद घड्याळावर पहारा फक्त आमच्याच घराण्यात होऊ शकतो. दोघं बसलो. डोळे काचेवर.

टिक.

मी ताईकडे पाहिलं.

"तू काही..."

"गप."

टिक... टिक...

आणि काचेच्या आत, कुणाचा हात नसताना, चावीचं बटण फिरलं.

थोडंसं... मग थांबलं. परत थोडंसं... चिमटीत धरून फिरवतात ना, अगदी तसं. सवयीने. बोलता बोलता.

काचेवर आतून वाफ धरायला लागली. आधी एक ठिपका... मोठा झाला... विरला. परत आला.

मी मागे सरकलो.

ताई पुढे वाकली. शाळेत दाराबाहेर रडत उभ्या असलेल्या मुलीशी बोलावं, त्या आवाजात म्हणाली,

"तुमचं आहे का हे?"

टिकटिक थांबली. ऐकायला कुणी श्वास रोखून धरावा तशी...

भिंगोजी परत आला. काचेकडे बघून म्हणाला, "आतून वाफ कशी धरली?" झाकण उचललं. घड्याळाला बोट लावलं. मग त्याने डोळ्याचं भिंग काढलं. त्याचे दोन्ही डोळे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. फार घाबरलेले होते.

संध्याकाळी काका आले.

"याची मालकीण कुठे आहे?" ताईने थेट विचारलं.

काका दचकले नाहीत. दमल्यासारखे स्टुलावर बसले.

"तुमच्याकडेही सुरू झालं?"

"आधी उत्तर द्या. तुमच्या बायकोला विचारलंत का?"

"हे तिचं नाहीच हो. मीच विकत आणलं होतं, तिच्यासाठी. ज्याच्याकडून आणलं, तोही म्हणाला, बायकोचं आहे. असं म्हटलं की लोक जास्त खोलात जात नाहीत."

"आणि तुमची बायको गेली ती..."

"माहेरी. ठणठणीत आहे. म्हणाली, या घरात एक तर ते राहील, नाहीतर मी."

"मग मूळचं कुणाचं?"

काकांनी मान हलवली. "कुणालाच माहीत नाही."

"ताई, ऊठ," मी म्हणालो. "चल घरी."

ताई उठली नाही. तिने भिंगोजीकडे पाहिलं.

"घड्याळ अस्सल आहे?"

"अस्सल आहे," भिंगोजी म्हणाला. "पण बाई..."

"एकही भाग बदललेला नाही?"

"नाही."

"म्हणजे या खेपेला मी फसलेली नाही."

"ताई, अगं वेड लागलंय का तुला!"

"तू मध्ये बोलू नकोस. हिरवं मनगट तुझं नव्हतं." तिने डावा हात टेबलावर ठेवला. "घेते मी. बांधा."

भिंगोजीने लांबूनच, चिमट्याने, पट्टा तिच्या मनगटावर टाकला आणि बक्कल लावायला धीर गोळा करत बसला.

"छान बसलं," ताई म्हणाली.

"अजून लावलं नाही मी..."

आम्ही सगळ्यांनी पाहिलं. बक्कल लागलेलं होतं.

काका मागे न बघता निघून गेले. त्यांच्या वयाच्या मानाने फारच भरभर.

आता घरात कुणी ताईला वेळ विचारत नाही. नातेवाईक घड्याळ बघतात, वा म्हणतात, गप्प बसतात. ताई खूश आहे. तब्येत उत्तम. चावी कोण देतं, हे मी विचारलेलं नाही. मीही माझ्या तब्येतीला जपतो.

परवा दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना तिचा गुडघा दुखत होता. आधार द्यायला मी तिचा डावा हात धरायला गेलो. तिने तो हळूच बाजूला घेतला.

"या बाजूने नको रे," ती म्हणाली. "तो हात धरलेला आहे."

"कुणी?"

ताई सावकाश पायऱ्या उतरत राहिली. डावा हात जरासा उचललेला, कुणाच्या तरी हातात असावा तसा...

तेव्हापासून मी तिच्या उजवीकडून चालतो. आणि रस्ता अरुंद असला, की मीच मागे थांबतो.

दोघींना पुढे जाऊ देतो.