वाळूला कोण म्हणालं ‘हाय’?

संयोगिता आली तेव्हा धुकं अजून खिडकीला टेकून होतं. बावड्याकडून साखर कारखान्याचा गोडसर वास येत होता. लोकांची कोडी सोडवून देणारी अवंतिका चहात साखर विरघळताना पाहत होती. तिचे यज्ञेश्वरमामा, निवृत्त शिक्षक, पेपरामागे पेंगत होते.

“माझ्या नावानं कुणीतरी लिहितंय,” संयोगिता म्हणाली. “थांबवायचं नाही. कोण ते शोधायचंय. आज चारच्या आत.”

कोल्हापूरच्या उद्यमनगरात तिची लोखंडी ओतकामाची लहानशी फाउंड्री होती. नवं गिऱ्हाईक यावं म्हणून तिनं लिंक्डइनवर खातं उघडलं आणि नाव गाजवायला अर्णव नावाचा सल्लागार नेमला. त्याच्या पोस्टकडे कुणी फिरकलं नाही. मग महिन्यापूर्वी त्याच खात्यावर वेगळ्याच इंग्रजी ओळी उमटू लागल्या. त्या वाचून कोइमतूरचा एक पंप कारखानदार आज भेटायला येत होता.

“जो हे लिहितो त्याच्याशीच बोलायचं म्हणतात. आणि मी महिनाभर सगळ्यांना ‘थँक यू’ म्हणत बसले! आज खोटी पडले तर काम गेलं. मग फाउंड्री बंदच करावी लागेल.”

अवंतिकानं फोन घेतला. वाळूच्या एका आकाराचा फोटो होता. खालच्या इंग्रजी ओळींचा अर्थ असा:

‘वाळू अजून ओलसर. हाय. भट्टी पेटली? व्हाय. आम्ही घडवतो ते शेवटी मोडतात. मोकळी जागा उरते. हाय.’

मामा जागे झाले. “वाळूला हाय म्हणतोय! आगीला विचारतोय, का? कवी आहे गं, अवंती.”

“या ओळी रोज येतात?” अवंतिकानं विचारलं.

“रोज सकाळी आठला. गेल्या आठवड्यात फक्त मंगळवार, बुधवार नव्हत्या.”

“खातं कुठं कुठं उघडं आहे?”

“माझ्याकडे, अर्णवकडे आणि शेडमधल्या जुन्या फोनवर. तो फोटो काढायला ठेवलाय.”

फाउंड्रीत अर्णव आधी भेटला. “मॅडम, मी लिहिलं असतं तर पहिल्याच दिवशी छाती ठोकून सांगितलं असतं. आणि ‘हाय’ वाक्याच्या शेवटी कोण लिहितं? हाय सुरुवातीला असतं!”

“जुन्या फोनवर लिहिता येतं?”

“बोललं की इंग्रजीत उतरतं. अमरसिंहांसाठी सोय करून दिलीय. त्यांना इंग्रजीचा कंटाळा.”

“गेल्या मंगळवारी, बुधवारी कुठं होतात?”

“इथंच. दोन्ही दिवस.”

अमरसिंह संयोगिताचा भाऊ, शेडचं काम बघणारा. तो मिशीत हसला. “आता झाकून काय ठेवायचं? मीच म्हणा की.”

“मोकळी जागा म्हणजे काय?”

“अध्यात्म वो! शेवटी सगळं रिकामंच की.”

“मंगळवारी का लिहिलं नाही?”

“मूड नव्हता.”

मामांनी अवंतिकाला कोपरानं ढोसलं. “सापडला.”

शेडच्या टोकाच्या खोलीत फळीवर वाळूचे गोल आकार झोपलेल्या पारव्यांसारखे ओळीनं बसले होते. खिडकीतून पडलेल्या उन्हात धूळ तरंगत होती. तिथं काम करणाऱ्या चिमणाबाई एका आकारावरून ओला हात फिरवत होत्या.

“हे काय असतं?”

“कोर, पावणं. पंपाच्या पोटात पाणी फिरायला जागा लागती की. तेवढ्या जागेत ह्यो बसतो. भवतीनं लोखंड वततात. गार झालं की मला फोडून काढत्यात.”

कोरला नाही, ‘मला’ म्हणाल्या, हे अवंतिकानं ऐकलं.

“रोज इथंच असता?”

“गेल्या मंगळवारी तेवढी राधानगरीला गेलते. लेकीचं बाळंतपण. दोन दिस ऱ्हाऊन बिस्तरवारी सकाळी कामावर आले.”

“लेक बरी आहे?”

“हाय की.”

अवंतिका जागच्या जागी थांबली. मग हळूच म्हणाली, “मामा, सगळ्यांना इथं बोलवा.”

साडेतीनला सगळे खोलीत जमले. अवंतिकानं जुना फोन उचलला. “साधा प्रयोग आहे. ‘वाळू ओली आहे.’” पडद्यावर नेटकं इंग्रजी वाक्य आलं. “आता तुम्ही म्हणा, चिमणाबाई.”

“वाळू वली हाय.”

वाळू आली, ओल आली, आणि शेवटी इंग्रजी ‘हाय’.

“भट्टी पेटली का?”

“व्हय.”

पडद्यावर उमटलं: ‘व्हाय’.

“‘हाय’ हा नमस्कार नाही, ‘आहे’ आहे,” अवंतिका म्हणाली. “‘व्हाय’ हा प्रश्न नाही, ‘हो’ आहे. फोनला कोल्हापुरी येत नाही, एवढंच. मोडल्यावर जागा उरते, हे अध्यात्म नाही. कोर करणाऱ्याचा रोजचा अनुभव आहे. आणि मंगळवार, बुधवार चिमणाबाई इथं नव्हत्या. अर्णव होता. अमरसिंहही होते, फक्त मूड नव्हता.”

“फोन मीच दिलता की तिला,” अमरसिंह पुटपुटला.

चिमणाबाई घाबरल्या. “ताई, मी तुमालाच सांगत हुते. भाऊ म्हणालं, फोटू काढ, काय चाललंय ते बोल, निळं बटण दाब, ताईस्नी कळतंय. रोज सांगिटलं. तुमी कदी बोललाच न्हाईसा.”

संयोगितानं मान खाली घातली. जगभरच्या अनोळखी माणसांना तिनं उत्तरं दिली होती.

चार वाजता पाहुणा आला. संयोगिता सरळ म्हणाली, “मी लिहिलेलं नाही. ह्यांनी.”

पाहुण्यानं चिमणाबाईंकडे वळून इंग्रजीत विचारलं, “तुम्ही?” संयोगितानं त्यांना मराठीत सांगितलं.

“व्हय.”

पाहुण्याला ते इंग्रजी ‘व्हाय?’ ऐकू आलं. मग त्यानं फळीवरचा एक कोर दोन्ही हातांनी अलगद उचलला, उजेडात फिरवून पाहिला आणि प्रामाणिकपणे उत्तर दिलं.

“कारण माझ्या पंपाच्या आतली जागा इतक्या काळजीनं राखणारं माणूस मी वर्षभर शोधतोय.”

मामा चूक सुधारायला पुढे झाले. अवंतिकानं त्यांची बाही धरली.

“राहू द्या, मामा. उत्तर बरोबर आलंय.”