पहिली घागर

ही गोष्ट आपल्या प्रभाकरच्या मावसभावाची, दौलतची. प्रभाकर दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः तिथे होता. खोटं वाटलं तर त्याला विचारा, पण दिवसाउजेडी. आणि आता मधेच कुणी ‘मग?’ म्हणायचं नाही.

ठाण्याला खाडीकडून स्टेशनाकडे येणाऱ्या रस्त्यावर तेव्हा एक विहीर होती आणि शेजारी जनावरांसाठी अखंड दगडाचा हौद. मिठागरातून मीठ भरून येणाऱ्या बैलगाड्या तिथे थांबायच्या. उन्हाने आणि मिठाने बैलांच्या जिभा सुकलेल्या असत. म्हणून बायकांची रीत अशी, की विहिरीतून काढलेली पहिली घागर हौदात ओतायची आणि दुसरी घरी न्यायची. सासू सुनेला हे पहिल्याच दिवशी सांगायची.

दौलतची बायको विमलाबाई रोज पहिली घागर ओतायची. कडेवर तीन वर्षांची सरोज. धाकू आगऱ्याच्या गाडीचा चांद्या बैल पाणी पिऊन झालं, की त्या पोरीचं डोकं चाटायचा. केस मानेपासून उलटे वर, कोंबड्याच्या तुऱ्यासारखे. विमलाबाई हाताने बसवायची, ते पुन्हा उभे. पोर खिदळायची, बाया हसायच्या. दौलत मात्र चिडायचा. लग्नानंतर फार उशिरा, नवससायास करून झालेली लेक. तिच्यावरून वारा गेला तरी याच्या जिवाला घोर. जगासाठी कसाई असलेला हा माणूस घरात तिच्यापुढे घोडा व्हायचा.

चोपन्न साली रस्ता रुंद करायचं निघालं. विहीर बुजवली. हौद फोडायचा होता, पण कामावर मुकादम दौलत. आयता दगड सोडतोय कशाला? नळाचं पाणी सकाळीच यायचं, साठवायला घरात काहीतरी हवंच होतं. अक्षय्य तृतीयेला लोक पाण्याचे घडे दान करतात. त्याच दिवशी सकाळी या गृहस्थाने हौद हातगाडीवर घालून आपल्या अंगणात नेऊन ठेवला.

दुपारी धाकूची गाडी आली. हौदाच्या जागी खडीचा ढीग. चांद्या तिथेच उभा राहिला, खाली तोंड घालून खडी हुंगत. मग गुडघ्यावर बसला.

“मुकादम, पिंपातलं बादलीभर पानी द्या. बैल चाललाय माझा.”

“ते खडीवर मारायचं पाणी आहे.”

“अवो, पयली घागर बैलाची आसते!”

“आता लॉऱ्या येणार आहेत, धाकू. कुठवर बैलाची शेपटी धरून बसशील? ऊठ, गाडी बाजूला घे. काम खोळंबलंय माझं.”

पिंप भरलेलं होतं. दौलतने झारी भरून घेतली आणि बैलाच्या नाकासमोर खडीवर पाणी शिंपडलं. चांद्याने जीभ लांब काढून ती ओली खडी चाटली. जिभेला रक्त आलं. तिथेच त्याने मान टाकली. दौलतने चार गडी लावून त्याला कडेला ओढून टाकला आणि रोलर पुढे घेतला.

धाकू बैलापाशी वाकला. बैलाच्या गळ्यातली घाटी सोडून घेतली आणि निघून गेला.

रात्री जेवणं झाली. अंगणातला हौद काठोकाठ भरलेला. तिजेचा चंद्र केव्हाच मावळला होता. दौलतला झोप लागतेय न लागतेय, तोच सरोज म्हणाली, “बाबा, पाणी.”

त्याने तांब्या बुडवून आणला. पोर घटाघटा प्यायली.

“बाबा, पाणी.”

पुन्हा गेला. हौदातलं पाणी वीतभर खाली आलेलं. गळतोय की काय, म्हणून त्याने खालून हात फिरवला. दगड कोरडा होता.

“बाबा... पाणी.”

आता अर्धा. अंगणात कुणी नाही. पण आवाज येत होता. सुर्र... सुर्र... सावकाश. मोठं जनावर पितं तसा.

“कोण आहे?”

आवाज थांबला.

मग घाटी वाजली. एकदाच.

घरात विमलाबाई ओरडली, “अहो, अंग तापलंय हिचं! ओठ फुटलेत बघा! पाणी आणा!”

त्याने तांब्या हौदात घातला. खण्णकन दगडावर आपटला. हौद रिकामा. तळसुद्धा कोरडा.

दौलत धावला. शेजारच्या गोदाकाकूंचं दार बडवलं. “काकू, पाणी द्या! घोटभर द्या! पोर चाललीय माझी!” शब्द तोंडातून गेले आणि बडवणारा हात दारावरच थांबला. दुपारी हेच कुणीतरी म्हणालं होतं...

काकूंनी घागर दिली. ती छातीशी धरून तो अंगणात आला. हौदापाशी पाऊल अडलं. ओतावी का? पहिली... ती कुणाची?

आतून सरोज कण्हली.

तो तसाच आत पळाला.

“हळू,” विमलाबाई म्हणाली. “आत्ताच डोळा लागलाय तिचा.”

दौलत तिच्या उशाशी बसला. घागर मांडीवर. सकाळपर्यंत तसाच.

उजाडल्यावर विमलाबाईने पोरीला उठवायला हात लावला.

प्रभाकर पोचला तेव्हा घागर भरलेलीच होती. सरोजचे ओठ भेगाळलेले, अंग लाकडासारखं कोरडं. ओलं होतं फक्त डोकं. केस मानेपासून उलटे वर उभे...

विमलाबाई ते हाताने बसवत होती. ते पुन्हा उभे राहत होते.