सत्त्याऐंशी नंबरचा फॉर्म

"बेन, अहीं कोई बेसे छे?"

मी मान वर न करताच "ना, बेसो" म्हटलं आणि टाइप करत राहिले. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाची कॉम्प्युटर लॅब, जुलैचा दुसरा आठवडा. मुलं चाळीस आणि कॉम्प्युटर वीस, त्यामुळे ज्याच्या शेजारी जागा रिकामी असेल तिथे बसायचं आणि वर्षभर तोच जोडीदार. माझ्या शेजारी राखी बसणार होती. पण राखीची बस चुकली, आणि माझं नशीब तिथून दुसऱ्याच रस्त्याला लागलं.

तो बसला, कीबोर्ड स्वतःकडे ओढला आणि काहीतरी दाबलं. पडद्यावरचं माझं अर्धं पान गायब झालं. तो गोठल्यासारखा बसला, मग अगदी हळू पुटपुटला, "आते काय करू वं माय..."

मला हसू आवरेना. सुरतमध्ये जन्म गेला तरी कॉलेजात कुणाच्या तोंडून अहिराणी ऐकू येईल असं वाटलं नव्हतं.

"काही नाही करायचं," मी मराठीत म्हटलं. "कंट्रोल आणि झेड दाबायचं. गेलेलं परत येतं."

"सगळंच?" त्याने विचारलं.

"फाईल बंद केली नसेल तर सगळंच."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "तुम्ही मराठी आहात? मग ते बेन म्हटलेलं मागे घेतो."

हा गजेंद्र. राहायला आमच्याच लिंबायत भागात, चार गल्ल्या पलीकडे. बारावीनंतर चार वर्षं काम करून मग कॉलेजला आलेला, म्हणून वर्गात सगळ्यांत मोठा. सकाळी कॉलेज आणि दुपारी एकपासून कापडाच्या गोदामात नोकरी. लूमवरून आलेला कापडाचा ताका टेबलावरून सरकवत न्यायचा, विणीत दोष दिसला की कडेला रंगीत दोरा बांधायचा. दिवसभर एवढंच.

खरं सांगते, सुरुवातीला मला त्याची कीव यायची. माझी बोटं कीबोर्डवर नाचायची, आणि हा एका बोटाने अक्षर शोधायचा. शीतल मॅडम "बधाए सेव कर्युं?" म्हणून फिरायच्या तेव्हा माझ्या पाळीतलं पत्र तयार असायचं आणि त्याच्या पाळीत अजून मायनाच चालू असायचा. मी त्याला चिडवायची.

"गजेंद्र, अर्ज सुट्टीचा आहे ना? तू पोचवशील तोवर सुट्टी संपेल."

"संपू दे," तो म्हणायचा. "पण चूक दाखव त्यात."

मी शोधायची. सापडायची नाही. उलट माझ्या पत्रात त्याला रोज काहीतरी सापडायचं. तारीख मागच्या वर्षीची, एका ओळीतलं अंतर कमी, टेबलातला एक आकडा डावीकडे सरकलेला. "इथे दोरा बांध," एवढंच म्हणायचा आणि पडद्यावर बोट ठेवायचा. बोट ठेवताना कधी ते माझ्या हाताला लागायचं... आणि दोघंही पडद्याकडे जरा जास्तच लक्षपूर्वक बघायचो.

हळूहळू कीव कुठच्या कुठे गेली. मला त्याचं ते निवांत, पूर्ण मन लावून पाहणं आवडायला लागलं. जगात इतकं नीट कुणी कशाकडे पाहत असेल असं मला वाटलंच नव्हतं. डिसेंबरात तापीकाठी पोंक, म्हणजे आपला हुरडा, खायला वर्गातले आम्ही सहा-सात जण गेलो होतो. बाकी सगळे फोटो काढत होते. हा माझ्या ओढणीचं टोक हातात धरून म्हणाला, "ही वीण एका जागी सुटली आहे. अजून दोन धुण्यांत फाटेल."

"मुली ओढणीबद्दल वेगळं काही ऐकायची वाट बघतात," मी म्हटलं.

तो विचारात पडला. मग कान लाल करून म्हणाला, "रंग... तुला शोभतो."

तेवढं बोलायला त्याला जवळजवळ अर्धी पुडी पोंक लागला.

आता त्या प्रोजेक्टचं सांगते. शीतल मॅडमनी जोडीजोडीला काम दिलं होतं: आपापल्या वस्तीतली खरी माहिती घ्या, तक्ता करा, त्यावरून पत्रं आणि पुस्तिका तयार करा. मी घरी सांगितलं आणि अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्याच संध्याकाळी आमच्या समाजमंडळात जाऊन शब्द देऊन टाकला. संक्रांतीनंतरच्या रविवारी मंडळाचा वधू-वर परिचय मेळावा होता. त्याची पुस्तिका दर वर्षी बाहेरून टाइप करून आणायचे. अण्णा म्हणाले, "औंदा बाहेर कसाले? मनी आंडेर करी देई." आंडेर म्हणजे लेक.

अण्णा तीस वर्षं लूमवर उभे आहेत. चारचौघांत बोलतात कमी, आणि त्यात मंडळात मुलीचं नाव घेऊन बोलायची त्यांची ही पहिलीच वेळ. तो शब्द खाली पडू द्यायचा नाही, हे मी मनाशी पक्कं केलं.

फॉर्म एकशे सव्वीस. नाव, वय, शिक्षण, उंची, काम, मामकुळ, पहिला विवाह की दुसरा, अपेक्षा. पहिले ऐंशी मी भरले, पुढचे गजेंद्रने. माझे ऐंशी चार दिवसांत झाले, त्याच्या शेहेचाळिसांना दोन आठवडे लागले. एकदा त्याच्या पाळीत मी पडद्यावर डोकावले तर त्याने चटकन खिडकी लहान केली.

"काय लपवतोस?"

"काही नाही. मुलींची माहिती आहे, खासगी असते."

"मी पण मुलगीच आहे."

"तेच तर," तो म्हणाला आणि पुन्हा एका बोटाने अक्षर शोधायला लागला.

बुधवारी सगळं तयार झालं. पुस्तिका नावांच्या क्रमाने लागते, म्हणून मी नावांचा रकाना निवडला आणि क्रम लावायची आज्ञा दिली. पडद्यावर एक चौकोन उघडला, दोन पर्याय घेऊन. सगळे रकाने बरोबर न्यायचे, की फक्त निवडलेला? राखी दारातून हाका मारत होती. मी न वाचता दुसरा दाबला, सेव्ह केलं, फाईल बंद केली, पुस्तिका काढली आणि पेन ड्राइव्ह मंडळाचे सचिव छगनकाकांना नेऊन दिला. अण्णा तिथेच होते. काकांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली, आणि अण्णांची मान इतकी ताठ मी कधी पाहिली नव्हती.

शुक्रवारी संध्याकाळी पाचला पुस्तिका छापायला जाणार होती. शुक्रवारी बाराला कॉलेज सुटलं, तर सकाळी वर्गात न दिसलेला गजेंद्र फाटकाशी उभा. हातात लॅबमधून छापून घेतलेली पुस्तिकेची प्रत, आणि पानापानाला रंगीत दोरे बांधलेले.

"चंचल, तुमच्या शेजारची गायत्री... तिचं लग्न झालं होतं का कधी?"

"वेडा आहेस का? एकवीस वर्षांची आहे. पोऱ्यांसमोरून जाताना मान वर करत नाही ती."

त्याने पान पुढे केलं. गायत्रीच्या नावापुढे छापलं होतं: घटस्फोटित, एक मुलगा, वय चौतीस. त्याखालच्या आठवी शिकलेल्या मुलाच्या नावापुढे एम.एस्सी. त्याखाली एका नाजूक मुलीची उंची सहा फूट एक इंच. मी पानं उलटत गेले. नावं तेवढी सगळी हलली होती आणि बाकीचं सगळं जागच्या जागी होतं. तो चौकोन माझ्या डोळ्यांपुढे आला.

हजार घरांत ही पुस्तिका जाणार. मेळाव्यात गायत्रीला बघून लोक कुजबुजणार, आणि अण्णा तिथे सतरंजीवर बसलेले असणार.

"काकांना सांगू, व्हायरस आला," मी म्हटलं. "कॉम्प्युटर बिघडला म्हणू. त्यांना काय कळतंय त्यातलं?"

गजेंद्रने एक सुटलेला दोरा पुन्हा घट्ट केला. मग म्हणाला, "ताक्यातला दोष झाकला ना, तर त्याची साडी होते आणि ती कुणाच्या तरी अंगावर जाते. बांधून टाक दोरा. मी येतो बरोबर."

"आणि तुझी नोकरी?"

"आज अर्धी रजा सांगितली आहे. सकाळीच."

म्हणजे सकाळीच त्याला कळलं होतं की मला गरज लागणार. शेअर रिक्षात आम्ही चौघांच्या जागेत सहा जण बसलो होतो, आणि मी रस्ताभर रडू आवरत होते. पण त्या रडण्याच्या आतमध्ये कुठेतरी, तो शेजारी आहे, हे मला फार बरं वाटत होतं.

मंडळाच्या कार्यालयात छगनकाका आणि अण्णा चहा घेत बसले होते. मी चपला काढल्या आणि आधी सांगून टाकलं. चूक माझी. घाई केली. वाचलं नाही. कॉम्प्युटरचा काही दोष नाही.

छगनकाकांनी कप खाली ठेवला. अण्णा जमिनीकडे पाहत होते. मला ते रागावले असते तर चाललं असतं, हे असं पाहणं सहन होईना.

"पाच वाजेपर्यंत दुरुस्त होईल, काका," गजेंद्र म्हणाला. "फॉर्मचे नंबर हलले नाहीत, फक्त नावं हलली. कागद द्या."

काकांनी कपाट उघडलं, फॉर्मचा गठ्ठा काढून दिला आणि अण्णांना घेऊन बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

मंडळाच्या त्या जुन्या कॉम्प्युटरवर आम्ही बसलो. तो नंबर आणि नाव वाचायचा, मी टाइप करायची, मग तो त्या ओळीवरून बोट फिरवायचा आणि "हं" म्हणायचा. त्या 'हं'शिवाय मी पुढे गेले नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी इतकं हळू काम केलं. त्याचा आवाज कानाशी होता, खिडकीबाहेर तारेला अडकलेले पतंग फडफडत होते, आणि गायत्रीला तिचं एकवीस वय परत मिळालं तेव्हा आम्ही दोघंही एकदमच हसलो.

"पंच्याऐंशी... शहाऐंशी... अठ्ठ्याऐंशी," तो वाचत होता.

"सत्त्याऐंशी राहिला."

"तो नको."

"नको म्हणजे? एकदा घोळ घातलाय मी. आता एक नाव गेलं तर मला मंडळाच्या पायरीवर उभं करणार नाहीत."

त्याने एक फॉर्म उलटा करून हाताखाली दाबून धरला होता. मी पडद्यावर पाहिलं. सत्त्याऐंशीची ओळ. वय तेवीस. शिक्षण, बी.कॉम.ला प्रवेश. काम, कापड तपासणी. अपेक्षा... रिकामं. आणि नावाच्या जागी, माझ्या कृपेने, कुणा सरलाबाईचं नाव.

माझी बोटं कीबोर्डवर तशीच राहिली.

"आईने जूनमध्ये भरला होता," तो म्हणाला. "कॉलेज सुरू व्हायच्या आधी."

"मग?"

"मग कॉलेज सुरू झालं."

बाहेर छगनकाका कुणाला तरी फोनवर छापखान्याचा पत्ता सांगत होते.

"तू टाइप करतानाच का नाही वगळलास?" मी विचारलं.

"आधी विचारायचं होतं."

"कुणाला?"

"तुला. पण तू सारखी घाईत असतेस."

"आत्ता नाहीये," मी म्हटलं. घड्याळात सव्वाचार झाले होते.

त्याने माझ्याकडे पाहिलं. ज्या डोळ्यांतून धाग्याची चूक सुटत नाही त्या डोळ्यांनी, सावकाश, पूर्ण. मी नजर खाली नेली नाही.

"मेळाव्यात उभं राहून परिचय करून द्यायचा असतो," तो म्हणाला. "माझा झालाय परिचय. मला तू आवडतेस, चंचल. तुझी घाईसुद्धा. काकांसमोर आज जे बोललीस, त्यानंतर तर... मला दुसरं कुणी बघायचंच नाही."

"डिग्रीला अजून अडीच वर्षं आहेत."

"मला सगळं हळूच जमतं. थांबेन."

"माझ्यात दोष खूप आहेत. तू तर दिवसभर तेच शोधतोस."

"शोधले," तो म्हणाला. "दोरे संपले. तरी ताका परत करावासा वाटला नाही."

मी हसले आणि डोळे भरून आले, दोन्ही एकाच वेळी. मग डोळे पुसले, सत्त्याऐंशीची ओळ निवडली, दोनदा वाचली, आणि काढून टाकली.

पावणेपाचला सगळी नावं जागेवर होती. क्रम लावताना पुन्हा तो चौकोन उघडला. या वेळी आम्ही दोघांनी मोठ्याने वाचला आणि पहिला पर्याय दाबला. छगनकाका आणि अण्णा आत आले. काकांनी छापलेली पानं घेतली आणि पेन्सिलीने नावं मोजली. मग पुन्हा मोजली.

"एकशे पंचवीस," ते म्हणाले. "एक कुठे गेलं?"

अण्णांचा चेहरा उतरला. गजेंद्र उभा राहिला. "काका, ते मी—"

"मी काढलं," मी म्हटलं. "सत्त्याऐंशी नंबर. आधीसारखं चुकून नाही, काका. हे मी वाचून, समजून काढलंय."

छगनकाकांनी गठ्ठ्यातून तो फॉर्म शोधला. फोटो पाहिला, समोर उभ्या असलेल्या पोराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांनी तो कागद अण्णांच्या हातात दिला.

अण्णांनी खिशातून चष्मा काढला. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत त्यांनी तो फॉर्म वाचला, पाठपोट. मग त्याची व्यवस्थित चौघडी घातली आणि शर्टाच्या वरच्या खिशात ठेवली.

"हाई मनाजोडे ऱ्हाऊ द्या, छगनभाऊ," ते खिशावर हात ठेवून म्हणाले. "बाकीना छापाले धाडा."