कनिष्ठेची नथ

चोरी झाली नव्हती, हीच तर पंचाईत होती.

देऊळगाव राजाच्या बसस्टँडसमोर, चिवड्याच्या दुकानावरच्या खोलीत मंजुश्री गवईचं चौकशीचं ऑफिस होतं. मुलगा खरंच नोकरीला आहे की नुसता गळ्यात ओळखपत्राचा पट्टा अडकवून फिरतो, असली लग्नाआधीची कामं तिच्याकडे जास्त येत. सोबतीला तिचे काका जानराव, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. जानरावांची अक्कल त्यांच्या जुन्या गाडीसारखी होती. सुरू व्हायला धक्का लागे, आणि सुरू झाली की हमखास चुकीच्या फाट्याला वळे.

त्या शुक्रवारी सुभद्राबाई जिना चढून आल्या. वय सत्तरीचं, पण केस असे लखलखीत पांढरे की खालचा चिवडेवाला वर बघून म्हणाला, जिन्यातली ट्यूबलाइट कोणी लावली?

"माह्या घरात काल कोणीतरी शिरलं व्हतं," सुभद्राबाई म्हणाल्या.

जानरावांनी कागद पुढे ओढला. "काय गेलं?"

"गेलं नाही काही. आलं."

त्यांनी पदराची गाठ सोडली आणि टेबलावर एक नथ ठेवली. जुनी, मोत्यांची, मधे लाल खडा.

"आमच्या महालक्ष्म्यांची हाये. ज्येष्ठेची एक, कनिष्ठेची एक. कनिष्ठेची गेली त्याले जमाना झाला. तवापासून दर भादव्यात एकीच्या नाकात नथ अन् दुसरीचं नाक मोकळं. परवा सांजच्याले म्या मुखवटे काढून पाह्यले, एकच नथ व्हती. काल सून अन् मी शेगावले दर्शनाले गेलो. परत येऊन पेटी उघडली, तं दोन!"

"मंग बाई, तक्रार कशाची?" जानराव म्हणाले. "पेढे वाटा."

सुभद्राबाईंचा चेहरा उतरला. "नथ गेली त्या दिवशी जनकाबाईनं दोन्ही नथा ओसरीत रिठ्याच्या पाण्यात घातल्या व्हत्या. माहे केस धुवाची, घरचं सगळं पाहायची ती. पाण्यातून निंघाली एकच. म्या तिले चोर म्हणलं. साऱ्या गल्लीसमोर झडती घेतली. ती डोणगावले निंघून गेली, पुन्हा आली नाही."

मंजुश्रीनं नथ उजेडाला धरून पाहिली.

"आता सांग पोरी, ही कोणं ठेवली? जनकाबाईच्या घरच्यानं ठेवली असन, तं मी तवा खरी बोलली. दुसऱ्या कोणी ठेवली असन, तं मले डोणगावले जाऊन तिचे पाय धरा लागतात. ती जित्ती हाये अजून. पण ती बी पिकली अन् मी बी."

"काकू, घर पाहू चला," मंजुश्री उठली.

घर बालाजीच्या देवळामागच्या गल्लीत होतं. अंगणात तुळस, तुळशीच्या कोनाड्यात दाराची किल्ली.

"ही इथंच असते?"

"माह्या आईच्या वेळेपासून. माहेरचंच घर हाये हे," सुभद्राबाई म्हणाल्या. "आम्हाले ठाव हाये, माह्या भावाले हाये. अन् मयुरीले. दर रविवारी माहे केस धुवाले येते ती, पार्लरमधून. जनकाबाईची नात निंघाली! मले उशिरा समजलं."

देवघर नीटनेटकं होतं. कुलूप तुटलेलं नाही, काही सांडलेलं नाही. मंजुश्री बाथरूमकडे वळली, तेव्हा जानराव हळूच म्हणाले, "बेटा, देवघर तिकडं राह्यलं."

बाथरूमच्या फरशीच्या सांध्यांत जांभळे ओघळ सुकले होते. खिळ्यावरच्या पंच्यावर जांभळे डाग. खिडकीत एक बाटली, अर्ध्याहून रिकामी.

"हा आईंचा शाम्पू," सून समीक्षा दारातून म्हणाली. "बोअरच्या पाण्यानं त्यांचे केस पिवळे पडले होते, हळदीत बुडवल्यासारखे. मयुरीनं हा जांभळा आणून दिला. अन् पाहा ना ताई, बाटली भरलेली होती. काल आल्यावर पाहते तं ही अशी! माठसुद्धा रिकामा. सकाळी गच्च भरून गेली होती मी."

"चोराले तहान लागली असन," जानराव म्हणाले. "चोरी करण्यापेक्षा परत करण्यात जास्त घाम येते."

मंजुश्रीनं नळ सोडला. पाणी आलं.

"काल येत होतं?"

"नाही," सुभद्राबाईंचा मुलगा प्रेम म्हणाला. त्याचं खताचं दुकान होतं आणि तो शेगावला गेला नव्हता. "टाकीचा कॉक गळत होता, म्हणून मी सकाळी वरूनच बंद केला अन् दुकानात गेलो. नळात पाइपातलं असेल तेवढंच पाणी. दिवसभर दुकानात होतो, गिऱ्हाईकं साक्षी आहेत. अन् मी कशाले ठेवीन नथ? गेली तेव्हा मी चड्डीत फिरत होतो."

तेवढ्यात अंगणातून हाक आली. सुभद्राबाईंचे धाकटे भाऊ शालिग्राम जालन्याहून आले होते. डोक्याचा चकोट केलेला. उन्हात टक्कल असं चमकत होतं की तुळशीवरची चिमणी दचकून उडाली.

"अरे मामा!" प्रेम ओरडला. "ते कापसाचं बोंड कुठं गेलं? ताई, मामांचे केस म्हणजे काय सांगू! माझ्या लग्नात फोटोवाला म्हणत होता, काका जरा बाजूला सरका, उजेड जास्त होतो."

"बालाजीले नवस होता," शालिग्राम डोक्यावरून हात फिरवत म्हणाले. "आज सकाळच्या गाडीनं आलो, केस उतरवले, म्हणलं ताईले भेटून जाव."

"कोणत्या गाडीनं?" जानरावांमधला कंडक्टर जागा झाला.

"आता... जालन्याच्या."

"जालन्याहून येणारी प्रत्येक गाडी जालन्याचीच असते," जानराव म्हणाले आणि समाधानानं चहाकडे वळले.

शालिग्रामांना नथ दाखवली. त्यांनी ती हातात घेतली नाही. नुसतं पाहिलं आणि म्हणाले, "आली ना परत? मग झालं. कशाले उकरता?" त्यांच्या कानांत म्हाताऱ्या माणसांच्या असतात तसे केसांचे झुपके होते, आणि त्या झुपक्यांत जांभळट काहीतरी अडकलं होतं. जानरावांना वाटलं, देवळातला बुक्का. त्यांनी भक्तिभावानं हात जोडले.

राहिली मयुरी. मंजुश्रीनं तिला पार्लरमध्ये गाठलं. पोरगी एका बाईच्या भुवया कोरत होती. प्रश्न ऐकून दोरा तिच्या दातांतच राहिला.

"म्हणजे पुन्हा आमच्यावरच?" ती म्हणाली. "आजीची झडती झाली, आता माही घ्या. घरची किल्ली ठाव हाये मले, हाव. पण म्या नाही ठेवली."

"मग त्यांचे केस धुवायला जातेस कशाला?"

"पाहाले. जिनं माह्या आजीले चोर म्हणलं ती बाई कशी दिसते, ते पाहाले गेली व्हती. अन् मग..." तिनं खांदे उडवले. "मग केस धुवाची सवय झाली."

"आजी काय म्हणतात?"

"आजीले आता काहीच ध्यानात राहत नाही, ताई. माहं नाव बी नाही. एक गोष्ट सोडून."

मंजुश्रीनं ती गोष्ट विचारली नाही. तिनं विचारलं, "तो जांभळा शाम्पू केसांवर किती वेळ ठेवायचा?"

"जरासा. पिवळेपणा मारला की लगेच धुवाचा. पांढऱ्या केसावर जास्त वेळ राह्यला तं वांगं होते वांगं! काळ्या केसाले काही नाही होत. काऊन?"

"बाटली घे आणि चल माझ्यासोबत."

संध्याकाळी सगळे देवघरासमोरच्या खोलीत बसले. मयुरी दाराशी उभी राहिली. समीक्षानं खुर्ची दिली तरी बसली नाही.

मंजुश्रीनं वातीच्या डब्यातला कापूस मागून घेतला, त्यावर शाम्पू ओतला आणि वाटी बाजूला ठेवली.

"जानरावकाका, तुम्ही पेटीत गुपचूप नथ ठेवायला एखाद्याच्या घरात शिरलात. आधी काय कराल?"

"इकडंतिकडं पाहीन."

"अंघोळ कराल?"

"मी काय येडा हाओ?"

"पण इथं आलेल्यानं अंघोळ केली. तीही डोक्यावरून. का? कारण पेटी देवघरात आहे, आणि काल त्याला देवघरात हात घालायचा होता. ज्याच्या हाडांत हे भिनलंय की डोक्यावरून पाणी घेतल्याशिवाय महालक्ष्मीला शिवायचं नाही, असाच माणूस पकडलं जायची भीती बाजूला ठेवून आधी बाथरूममध्ये जाईल. जनकाबाईंच्या घरचं कुणी असतं, तर सरळ पेटी उघडून नथ ठेवली असती. आमच्याकडे हे सोवळं नाही, काकू. मी त्यांच्याच समाजातली आहे."

सुभद्राबाई खाली पाहू लागल्या.

"त्यानं खिडकीतली बाटली उचलली, डोक्यावर भरपूर ओतली, फेस केला. आणि नळ बंद पडला. प्रेमनं कॉक बंद केला होता. इथं राहणाऱ्याला ते ठाऊक होतं, याला नव्हतं. डोक्यावर फेस, डोळ्यांत फेस. तो बसला वाट पाहत, येईल पाणी म्हणून. शेवटी कंटाळून स्वयंपाकघरातून माठ आणला."

"म्हणजे तहान नव्हती," जानराव म्हणाले.

"नाही, काका. माठ डोक्यावर गेला."

तिनं वाटीतला कापूस पाण्यात खळबळून पिळला आणि वर धरला. पिकल्या जांभळासारखा रंग. समीक्षाच्या तोंडून "अगं बाई" निघालं.

"प्रेम आणि समीक्षाचे केस काळे, त्यांना काही झालं नसतं. मयुरीला शाम्पू ठाऊक, ती फसली नसती. हे घडलं ते पांढऱ्या केसांच्या माणसावर, जो या घरात वाढला पण आता इथं राहत नाही. असं डोकं घेऊन तो बसमध्ये बसू शकत नव्हता. गावातल्या लॉजवर रात्र काढली, सकाळी न्हाव्याकडे गेला. न्हाव्यानं डोकं साफ केलं." ती थांबली. मग हळू आवाजात म्हणाली, "कान विसरला."

कापूस तिनं शालिग्रामांच्या कानाजवळ धरला. रंग एकच होता.

कोणी हसलं नाही. जानरावसुद्धा नाही.

शालिग्रामांनी कानावर हात नेला आणि तिथंच ठेवला, ऐकू येऊ नये म्हणून ठेवल्यासारखा.

"महालक्ष्म्या लेकाच्या घरी जात असतात, ताई," ते म्हणाले. "आईनं तुले देल्ल्या. म्हणे शालिग्राम उंडगा हाये. म्या रिठ्याच्या पाण्यातून एक नथ काढून खिशात घातली. मनात म्हणलं, अर्धी महालक्ष्मी तरी माही. उद्या देऊ म्हणलं. तेवढ्यात तू जनकाबाईले बोलली. मग उद्या आलाच नाही."

"म्या तिची झडती घेतली, तवा तू ओसरीत उभा व्हता," सुभद्राबाई म्हणाल्या.

"हाव."

"पानी पेत व्हता तू."

"हाव, ताई."

"आता काऊन आणली?"

"बायको गेली. पेटी आवरताना नथ निंघाली. घरात मी अन् नथ, दोघंच. रोज वाटे जनकाबाईच समोर बसून राह्यली. सांगाले आलो व्हतो आज. हे लोक पाह्यले अन् जीभ वळली नाही."

सुभद्राबाई उठल्या. भावावर ओरडतील असं सगळ्यांना वाटलं. त्या मयुरीसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"पोरी, तू मले माफ नोको करू. मले फक्त डोणगावले घेऊन चल."

"आजीले नाही समजणार, बाई."

"तरी बी." मग मागे न वळता म्हणाल्या, "शाल्या, तू बी चल. टोपी घालू नोको."

दुसऱ्या दिवशी डोणगावात जनकाबाई ओट्यावर उन्हाला बसल्या होत्या. अंगानं वाळून खारकेएवढ्या झालेल्या. सुभद्राबाई खाली, पायरीवर बसल्या. शालिग्राम रस्त्यावरच उभे राहिले, उघड्या डोक्यानं.

जनकाबाईंनी आलेल्या बाईकडे पाहिलं. ओळख पटली नाही. पण हात आपसूक पुढे आला, सुभद्राबाईंच्या केसांत शिरला आणि गाठी सोडवू लागला.

"लय पांढरे झाले," त्या म्हणाल्या. "कोण धुते?"

"तुही नात."

बोटं थांबली. डोळ्यांत कुठूनतरी जुना उजेड आला. "नथ सापडली का हो बाई?"

मयुरीनं तोंड फिरवलं. ती एक गोष्ट हीच होती.

"सापडली, जनका," सुभद्राबाई म्हणाल्या. नथ त्यांनी त्या सुरकुतल्या तळव्यावर ठेवली. "तू नव्हती घेतली. माह्या भावानं घेतली व्हती. म्या तुह्यावर खोटा आळ घेतला."

"बरं झालं," जनकाबाई मोकळं हसल्या. "मले वाटे, मीच पान्यासंगं फेकली. लय हुडकली मोरीत. रोज हुडकतो."

त्यांनी नथ परत दिली. ऊन ओट्यावरून थोडं सरकलं. बोटं पुन्हा केसांत फिरू लागली, मग पुन्हा थांबली.

"नथ सापडली का हो बाई?"

परतीची गाडी फाट्यावर येऊन हॉर्न देऊन गेली. सोबत आलेल्या जानरावांनी जन्मात पहिल्यांदा कोणाला गाडीची वेळ सांगितली नाही.

सुभद्राबाईंनी पुन्हा तो तळवा उघडला आणि पुन्हा त्यावर नथ ठेवली.

"सापडली, जनका," त्यांनी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. "तू नव्हती घेतली."