थोड्या वेळाने पुन्हा पाठवा

मिरजेच्या दुर्मीळ रक्तगट मंडळाचा मेल सर्व्हर मृणाल कासारच्या स्वयंपाकघरात, फ्रिजवर ठेवलेला होता. पाहुण्यांना तो वायफायचा डबा वाटायचा. पण ज्यांना दुसरं कुठलंच रक्त चालत नाही, त्या बॉम्बे रक्तगटाच्या रुग्णांना आता तेवढाच आधार उरला होता. कुणाचाही आवाज काढून रडत खोटी मदत मागणारी यंत्रं आल्यापासून माणसांनीच काय, दवाखान्यांनीही अनोळखी फोन उचलणं सोडलं होतं.

सर्व्हरच्या दाराशी मृणालने एक राखण्या प्रोग्राम बसवला होता. अनोळखी पत्र आलं की तो न वाचताच सांगायचा, 'थोड्या वेळाने पुन्हा पाठवा.' खरा माणूस पुन्हा पाठवायचा. लाखो पत्रं उधळणाऱ्या विनवणीयंत्रांना तेवढी सवड नसायची. मृणालला या युक्तीचा भारी अभिमान होता. मग यंत्रं थांबायला शिकली. मृणालने थांबायचा वेळ वाढवला. यंत्रं आणखी थांबली, तिने आणखी वाढवला. बाई हट्टाला पेटली होती.

त्या दुपारी फिरोज मुजावर आला, तेव्हा ती नोंदी बघत डोकं धरून बसली होती. फिरोज रिक्षा चालवायचा. मंडळात उरलेला तो एकमेव दाता. बाकीचे नसलेल्या रुग्णांसाठी गावोगाव हेलपाटे घालून वैतागून गेले होते.

"फिरोजभाई, आत आलेली सगळी पत्रं यंत्रांची आहेत. आणि हे बघा, शिंगणहळ्ळीच्या दवाखान्यातून कुणीतरी सकाळपासून पत्र पाठवतंय. दर वेळी आपण थांबा म्हटलं. आता येणंच बंद झालंय."

"काय लिहिलंय त्यात?"

"वाचलंच नाही ना! दारातूनच परत गेलं." तिने नोंदींची यादी वर सरकवली. "ज्याचं माणूस जायला टेकलंय, तो किती वेळा थांबेल? मी यंत्रांना आत घेतलं हो, आणि माणसांना बाहेर ठेवलं."

"मग काढा की तो राखण्या."

"पत्रांचा पूर येईल."

"येऊ दे की ओ!"

तिने राखण्या बंद केला. संगणकाचा पडदा पत्रांनी भरून वाहू लागला. बाळंतिणी, रक्तस्राव, हात जोडलेले नवरे. त्यातलं एकही खरं मानायची सोय नव्हती. मग शिंगणहळ्ळीचं पुन्हा आलं: 'बायकोचं रक्त थांबत नाही आणि तुम्ही मला थांबा म्हणता. लाज वाटत नाही?'

मृणालने ते उघडलं मात्र, पाठोपाठ तशाच शिव्या देणारी पत्रं येऊ लागली. गावं वेगळी, नवरे वेगळे, संताप तोच.

"कुठलं पत्र आपण उघडलं नि त्यात काय होतं ते यंत्रं चोरून बघतात," ती म्हणाली. "आता सगळी तसंच लिहिणार."

"पण पहिलं हेच होतं ना?"

"पत्ता चोरताही येतो, भाई. काही सांगता येत नाही."

फिरोजने खिशातून रिक्षाची किल्ली काढली. एकदा रक्त दिलं की तीन महिने पुन्हा देता येत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"जाऊ नका," मृणाल म्हणाली. "तुम्ही तिकडे गेलात आणि यातलं दुसरंच खरं निघालं तर?"

तो चपला घालून उंबऱ्यात थांबला. पडद्यावर पत्रं येतच होती.

"आणि ताई, हेच खरं असलं तर?"