चौथ्या कपाटाचा ठोका

“दुपारी मला कामावरून काढणार आहेत,” माल्टे एकदाल दारातूनच म्हणाला. “आणि मी काहीही केलेलं नाही!”

खासगी गुप्तहेर सिग्ने हालबेकने कॉफी तशीच सोडून कोट चढवला.

माल्टे तंत्रज्ञ होता त्या गोटलंड बेटावरच्या रेडिओ दुर्बिणीत एकच घड्याळ चार कपाटांतल्या चार यंत्रांना ठोके पुरवत असे. शुक्रवारपासून दाराजवळच्या चौथ्या यंत्राचा ठोका डळमळत होता. दुर्बीण फिरवणारी मोटर चालली की जास्तच. जोडणी माल्टेची, शिवाय त्याचं सुट्टीवरून भांडण झालेलं. त्यानेच मुद्दाम केलं, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं.

“मोटरवाल्याला धर,” सिग्नेचा सोबती ओटो म्हणाला.

मोटरवाला तूरब्यॉर्न भडकला. “मोटर चारही कपाटांना सारखीच जवळ आहे. मग बाकीची तीन कशी ठणठणीत?”

सिग्नेने कपाटं पाहिली. प्रत्येक यंत्राला तारांची जोडी होती. तीन कपाटांत जोडीतल्या एका तारेचं वेटोळं लोंबत होतं. चौथ्यात वेटोळंच नव्हतं. तारा हिरव्या रिबिनीने छान बांधलेल्या होत्या.

संचालिका गुनिला फोर्सने शुक्रवारच्या पाहुण्यांसाठी आणलेल्यातला उरलेला केक पुढे केला. खोक्याला हिरव्या रिबिनीचा तुकडा लटकत होता. “मी कपाटांना कित्येक वर्षांत हात लावलेला नाही,” ती म्हणाली. “चाव्या फक्त माझ्याकडे आणि माल्टेकडे. आता तूच समजून घे.”

ओटोने केक घेतला. सिग्नेने सगळ्यांना कपाटांपाशी नेलं.

“एका तारेतून ठोका सुलटा जातो, दुसरीतून उलटा. यंत्र फक्त दोन्हींतला फरक बघतं. मोटरची खरखर दोन्हींवर सारखीच चढते, म्हणून वजा होते. पण तारा सारख्या लांबीच्या हव्यात. एक तार वळसा घालून येते, म्हणून दुसरीला वेटोळं. इथे कुणीतरी वेटोळ्याची तार काढून आखूड तार लावली. आता एक ठोका आधी पोचतो आणि खरखर उरते.”

“माल्टेच तो!” गुनिला म्हणाली.

“घातपात करणारा रिबीन बांधत बसतो होय? आणि माल्टेला वेटोळं कशाला आहे ते पक्कं माहीत. त्यानेच ते घातलंय. दाराजवळचं कपाट पाहुण्यांना आधी दिसतं. वेटोळं गबाळं दिसत होतं ना, गुनिला? केकच्या रिबिनीचे तुकडे जुळवून बघूया?”

गुनिला आपल्या खोलीत गेली आणि लांब तार घेऊन आली. माल्टेने ती जोडली. तूरब्यॉर्नने मोटर चालवली. ठोका हलला नाही.

“माझ्यामुळेच बिघडलं हे माझ्या लक्षात आलं होतं,” गुनिला माल्टेला म्हणाली. “पण तोवर सगळे तुझंच नाव घेत होते. कबूल करायची लाज वाटली.”

“आणि माझी नोकरी घालवायची नाही वाटली?” माल्टे संतापून म्हणाला.

ओटोने उष्टा केक गुपचूप बशीत परत ठेवला.