अमूनच्या पुजारणीचा खुळखुळा

चोरीला गेला होता एक खुळखुळा, पण त्यापायी चिंधू शिपायाची नोकरी जाणार होती. बुधवारी पाच वाजता प्राचार्य पोलिसांत त्याचं नाव देणार होते.

वर्ध्याच्या त्या कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या मोहिनीताईंना ते पटेना. त्यांनी खाजगी तपास करणाऱ्या वेदश्रीला बोलावलं. तिच्यासोबत तिचे मदतनीस केशवराव होते. निवृत्त कारकून, अक्षर मोत्यासारखं आणि संशय हमखास चुकीच्या माणसावर.

कॉलेजच्या संग्रहातला हा खुळखुळा साधासुधा नव्हता. प्राचीन काळी शेजारच्या न्यूबियाच्या राजकन्या इजिप्तमध्ये अमून देवाच्या पुजारणी होत आणि देवापुढे असलं कांस्याचं वाद्य हलवत. याच्या मुठीवर अशा दोन पुजारणींची नावं होती, दुसरी पहिलीची दत्तक लेक म्हणून कोरलेली. मोहिनीताईंच्या मते पुजारणीचं पद दत्तक लेकीकडे जाई, आणि ही मूठ त्याचा पुरावा. सहकारी अंकुशरावांचं नवं पुस्तक मात्र ते पद रक्ताच्या नात्यानं मिळे असं सांगत होतं.

सोमवारी दुपारी मोहिनीताईंनी खुळखुळ्याची पेटी उघडून पाहिली, तेव्हा वाद्याच्या वाजणाऱ्या चकत्यांत कुणी कापूस गच्च कोंबला होता. धुळीसाठी असेल म्हणून त्यांनी तो राहू दिला. मंगळवारी पेटीच गायब. संग्रहाच्या खोलीच्या किल्ल्या मोहिनीताईंकडे, अंकुशरावांकडे आणि चिंधूकडे.

अंकुशरावांनी आधी चहा पाजला. सोमवारी कॉलेज सुटताना चिंधू पिशवी घेऊन खिडकीखालून गेला, असं ते म्हणाले.

"पिशवीतून छुनछुन येत होती. मला वाटलं, नातवाचं खेळणं असेल."

चिंधू म्हणाला, पिशवीत डबा होता. मग हळूच पुटपुटला, "पन साहेब खोटं काऊन बोलतीन?"

केशवरावांनी वहीत त्याच्या नावाखाली रेघ ओढली. वेदश्री चिंधूच्या मुंडन केलेल्या डोक्याकडे बघत होती. घरात कोण गेलं, असं तिनं विचारलं. काका गेले होते. कालच तेरवी झाली होती.

बुधवारी पावणेपाचला सगळे प्राचार्यांच्या खोलीत जमले. पुन्हा चहा आला.

"कापूस तुम्ही कोंबलात ना?" वेदश्रीनं विचारलं.

चिंधूनं मान खाली घातली. "हो मॅडम. सोमवारी पुसाचं होतं, आन् मले सुतक. देवाची वस्तू सुतकात वाजू नाई. लोक हसतीन म्हून नाई सांगतलं."

"चोरताना काढला असेल," केशवराव म्हणाले.

"पुसतानासुद्धा ज्याला आवाज चालला नाही, तो चोरून नेताना वाजवत नेईल? छुनछुन ऐकू येणं शक्यच नव्हतं. ती रचली कुणी? ज्यानं वाद्य पूर्वी ऐकलं होतं, पण पेटी न उघडताच घाईनं लपवली त्यानं. अंकुशराव, तुमच्या कपाटाची किल्ली द्या."

अंकुशरावांचा चहा निवला होता. किल्ली त्यांनी टेबलावर ठेवली. मुठीमुळे त्यांचं अख्खं पुस्तक खोटं पडत होतं.

पेटी पुस्तकांमागे सापडली. कापूस होता तसाच होता.

"सुतक फिटलं ना?" मोहिनीताईंनी पेटी चिंधूपुढे ठेवली. "मग काढ तो."

चिंधू हात धुऊन आला. एकेक बोळा काढून त्यानं वाद्य अंकुशरावांसमोर धरलं आणि एकदाच हलवलं.

"साहेब," तो म्हणाला, "असा वाजते तो."